प्रसादाची पुडी

एल्डन गोपॉल माझा शेजारी. त्याच्या आज्यानं मिशनच्या शाळेतल्या मास्तरकीसाठी बाप्तिस्मा घेतला, तेव्हापासून त्रिनिदादमधल्या आमच्या पेनाल गावातल्या कुठल्याच पूजेचा प्रसाद त्या घरात शिरला नव्हता. मी पुडी नेली की त्याची आई दारातूनच हसून म्हणायची, "राग मानू नको, आमच्यात चालत नाही." मला भयंकर राग यायचा.

मग टॅक्सी चालवणारा हा पन्नाशीचा बाप्या कलावतीच्या प्रेमात पडला. कलावती विधवा, रामायण गाणारी, तोंडाची फटकळ. तिच्याकडच्या पूजेला हा कुंपणाबाहेर टॅक्सीतच बसून राहिला. शेवटी तीच पुडी घेऊन गेली.

"खा की. चावत नाही तो."

"आई काय म्हणेल?"

"आईला विचारून प्रेमात पडलास होय रे?"

त्यानं खाल्लं, वर बोटं चाटली. पुढं गडी फगव्याला, म्हणजे होळीला, झांजा घेऊन चौतालाची गाणी गाऊ लागला. आईनं बोलणं टाकलं आणि न बोलताच वारली. तरी मला म्हणायचा, "मौसी, आज्यानं काय काय सोडलं होतं गं!"

लेकीच्या बाळंतपणासाठी त्रिनिदाद सोडून टोरांटोला जाण्याआधी कलावतीनं त्याच्या अंगणात हनुमानाची पूजा करवली, बांबूवर लाल झेंडी लावली. "आले की लग्न," म्हणाली.

वर्षं गेली. फोन आटले. उन्हानं झेंडी विटली की हा वेडा पुन्हा पूजा घालून नवी रोवायचा. जुनी काढायची नसते, त्यामुळे अंगणात बांबूंची गर्दी झाली.

"बाबा, पुरे कर आता," मी म्हणायचे.

"आणि ती आली तर?"

परवा ती आली, जमीन विकायला. सोबत नवा नवरा. त्याच्यापायी तिनं तिकडच्या चर्चमध्ये बाप्तिस्माही घेतला होता, हे गावभर झालं होतं. एल्डनच्याही कानावर गेलं असणार. तरी पहाटे उठून त्यानं तूप, मनुका घालून प्रसाद परतला आणि फाटकाशी तिची गाडी थांबताच पुडी पुढं केली.

तिनं झेंड्यांकडं पाहिलं, मग पुडीकडं. हात मागं घेतले.

"राग मानू नको, एल्डन. आमच्यात चालत नाही."

गाडी गेली तरी त्याचा हात पुढंच होता. मीच पुडी घेतली, तिथंच उभ्यानं खाल्ली. चव थेट कलावतीच्या हातची होती. त्याला तसं सांगायला माझी जीभ रेटेना.