टेपवर न उतरलेली नावं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — ठाऊक नाही. आज एका जागी बसवत नाही, एवढंच.

सत्तरच्या दशकात मी जबलपूरला कॉम्प्युटरवर काम करायचो. बालाघाटच्या आमच्या वॉर्डात त्याचा केवढा मान! यंत्र कधी चुकत नाही, असं मीच सगळ्यांना सांगत फिरायचो. अशात मास्तरकीच्या ट्रेनिंगसाठी एक प्रवेशपरीक्षा झाली, आणि तिच्या निकालाचा प्रोग्राम माझ्याकडे आला.

आता हे नीट सांगायला हवं. निकालाची यादी छापली जायची ती यंत्राच्या चुंबकीय टेपवरून. पास झालेलं एकेक नाव लगेच त्या टेपवर लिहीत बसलं तर फार वेळ जातो. म्हणून नावं आधी यंत्राच्या स्मृतीत साठवायची, तिथली जागा भरली की सगळी एकदम टेपवर उतरवायची. आणि शेवटी — जागा अर्धीच भरली असली तरी — उरलेली नावंही उतरव, असं यंत्राला सांगायचं. ती शेवटची आज्ञा मी लिहिलीच नाही. विसरलो. मुलांचे मार्क यंत्राला भोकं पाडलेल्या कार्डांवरून द्यायचे; त्यात बालाघाट केंद्राची कार्डं उशिरा आली होती, म्हणून गठ्ठ्यात सगळ्यात खाली होती.

चूक कुणाच्याही हातून होते — नाही का? पण माझा गुन्हा तो नाही.

निकाल लागला तेव्हा मी घरी आलो होतो. शेजारची वंदना दारात आली. वडील मँगनीजच्या खाणीत मजूर, ही घरातली पहिली मॅट्रिक. म्हणाली, “दादा, यादीत माहं नाव नाही. पेपर तं चांगले गेलते जी. एकडाव पाहून सांगा न.”

परत गेल्यावर, सगळे जेवायला गेले असताना, राहिलेली आज्ञा घालून मी कार्डं पुन्हा चालवली. कागदावर वंदनाचं नाव छापून आलं. पाठोपाठ आणखी काही — सगळी बालाघाटची. प्रवेश अजून चालू होते. साहेबांच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो — आणि परत येऊन तो कागद फाडला. नोकरी कच्ची होती. पण खरं सांगू? नोकरी नंतर आठवली. आधी मनात आलं, वॉर्डातले लोक हसतील.

रविवारी बालाघाटला गेलो. वंदनाने विचारायच्या आधीच म्हणालो, “पाह्यलं. नाव नाही.”

तिचे वडील म्हणाले, “तुमी सोता पाह्यलं, मंग बरोबरच असन.”

पुन्हा परीक्षेला बसवलं नाही तिला. लग्न करून बैहरला पाठवलं. बाकीच्यांचं काय झालं? मी कधी शोधलंच नाही.

काही वर्षांनी बैहरच्या बाजारात ती भेटली. हट्टाने घरी नेलं. लेक पाटीवर अक्षरं गिरवत होती. वंदना हसत तिला म्हणाली, “नीट शिक माय, माह्यासारखी ढ नोको राहू. दादाले इचार — माहा निकाल यायनंच पाह्यला होता.”

पोरीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, “हौ.”