मारिदेलच्या मापाची काठी

एका जागी स्वस्थ बसलेला दुलो सुंगा गुआगुआ गावात कुणी पाहिला असेल तर त्याने पुढे यावं. हा माणूस जेवता जेवता उठणार, चर्चमध्ये फादर बोलत असताना बाहेर जाऊन हवा किती दमट झालीय ते बघून येणार. हवेचं त्याला वेडच होतं. त्यालाही कारण होतं म्हणा. तो पूल, म्हणजे बिलियर्डसारखा टेबलावरचा खेळ, खेळायच्या काठ्या करायचा. मेपलचं लाकूड जरासं तासायचं, दोन महिने आढ्याला टांगायचं, पुन्हा केसभर तासायचं, पुन्हा टांगायचं, असं दोन वर्षं. घाई केली की लाकूड वाकलंच. लाकडापुढे एवढा धीर धरणारा माणूस घरात मात्र असा उतावळा कसा, हे त्याच्या बायकोला, फेलिसाला, पस्तीस वर्षांत उमगलं नव्हतं.

फॅक्टरीच्या काठीचं नुसतं नाव काढलं की त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "एका पेटीतून पन्नास निघतात, पन्नासही सारख्या! माणसं असतात का रे सारखी?" त्याच्याकडे गिऱ्हाईक आलं की तो आधी लाकडाला हात लावतच नसे. अंगणातल्या टेबलावर त्या माणसाला तीस डाव खेळायला लावायचा. पुढचा पंजा चेंडूपासून किती लांब टेकतो, मागचा हात कुठे पडतो, सगळं डोळ्यांत तेल घालून बघायचा. मागचा हात जिथे पडेल तिथे हातातल्या काठीला ओला दोरा गुंडाळायचा. त्या दोऱ्यावरून काठीचं वजन कुठे ठेवायचं ते ठरायचं. दोऱ्याचं माप आजवर कधी चुकलं नाही, असं तो सांगायचा आणि ते खरंही होतं.

लेकीची काठी त्याने अशीच केली होती. मारिदेल वीस वर्षांची असताना माप घेतलं, मूठ काळ्याभोर कामागोंग लाकडाची केली, आणि आठ महिन्यांपूर्वी जत्रेच्या दिवशी तिच्या हातात ठेवली. पोरगी रडली होती. आता येत्या रविवारी सान फर्नांदोला प्रांताच्या संघासाठी निवड होती. बायकांसाठी जागा एकच. ती जागा आपल्या लेकीने आपल्याच काठीवर जिंकावी, एवढंच दुलोला ह्या जन्मात हवं होतं. त्याने ते शेजारीपाजारी सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं.

गुरुवारी सामन्याची तयारी म्हणून टोकाची चामड्याची टोपी बदलायला त्याने मारिदेलची काठी पिशवीतून काढली आणि उजेडात धरली. टोपी जशी बसवली होती तशीच गोल होती. रोज चार तास खेळणाऱ्या पोरीची टोपी आठ महिन्यांत चपटी व्हायला नको? टोक घसरू नये म्हणून लावतात ती खडूची निळी पूड वरवर फासलेली, आत मुरलेलीच नव्हती. दुलोने ती बोटाने पुसली. खालचं चामडं कोरं करकरीत होतं.

तो तसाच चपला अडकवून बेनिंगच्या क्लबात गेला. बेनिंग त्याचा लहानपणापासूनचा मित्र. तो गल्ल्यावर बसून पान्सितच्या शेवया खात होता.

"बेनिंग, माझी पोरगी तुझ्याकडे रोज खेळते ना?"

"रोज. माझ्या दोन नंबरच्या टेबलाचं कापड तिनेच झिजवलंय."

"कशाने खेळते?"

बेनिंगने घास उगाच जास्त वेळ चावला. "काठीने."

"बेनिंग!"

"अरे, ओरडतोस काय? गिऱ्हाईकं पळतील. हे बघ, मी तिला म्हटलं होतं, बापाला सांग. तर म्हणते, काका, तुम्हीच सांगा. मी कशाला सांगू? मला अजून जगायचंय!" त्याने फ्रिजच्या मागे हात घालून एक काठी काढली आणि दुलोपुढे धरली.

फॅक्टरीची. पेटीतल्या पन्नासांपैकी एक. दुलोने ती अशी धरली, जशी मेलेली घूस धरावी. मुठीवरची नक्षी कोरलेली नव्हतीच, छापून चिकटवलेली होती. सांध्यात डिंक दिसत होता. वजन कुणाचंच नाही, म्हणजे सगळ्यांचं. त्याने काठी टेबलावर सोडून लोळवली, वाकडी निघेल म्हणून श्वास धरून बघितलं. मेली सरळ निघाली! मग त्या काठीने त्याने चार फटके मारले. आवाज बादलीवर चमचा आपटावा तसा.

"काय आहे रे हिच्यात?" त्याचा आवाज फाटला. "सांग ना! माझ्या काठीत काय नाही?"

"मला विचारू नकोस. तिला विचार."

"मी विचारू? बापाने?"

"मग बस धुमसत," असं म्हणून बेनिंगने पान्सितची बशी पुढे ओढली.

घरी येऊन त्याने फेलिसाला गाठलं. ती मासे साफ करत होती. "तुला माहीत होतं?"

"होतं."

"आणि तू गप्प बसलीस?"

"अहो, सांगितलं असतं तर तुमचं तोंड कुणी बघायचं? आठ दिवस जेवला नसतात. आणि पोरगी जिंकतेय ना? मग?"

"मग? मग म्हणे!" असं करवादत तो तरातरा बाहेर गेला. तीन रात्री तो अंगणात येरझारा घालत होता. काठीला नवी टोपी मात्र त्याने बसवून ठेवली. लेकीला समोर बसवून जाब विचारावा, असं शंभरदा मनात आलं. ती दिसली की तो उगाच पटाशीला धार लावायला लागायचा, आणि ती मात्र बापाला हसून हाक मारायची, "तातांग, टोपी छान बसलीय हं!" ते ऐकलं की त्याच्या काळजाला घरं पडायची.

रविवारी ती कामागोंगची काठी खांद्याला लावून निघाली. "येऊ नका हं, गर्दी असते," असं नेहमीसारखं सांगून गेली. अर्ध्या तासाने दुलोने डोक्यावरची टोपी डोळ्यांवर ओढली आणि मागची जीप पकडली.

हॉलमध्ये तो खांबाच्या आड उभा राहिला. शेवटचा सामना होता, आधी नऊ डाव जिंकेल तिची जागा. मारिदेल पाच, समोरची आंजेलेस गावची दांडगी बाई पाच. लेकीच्या हातात ती छापील नक्षीची काठी बघून त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग ती वाकली, आणि दुलो राग विसरला.

ही कोण? पुढचा पंजा चेंडूपासून हातभर लांब, कोपर मोकळं, मागचा हात त्याच्या दोऱ्याच्या चांगला चार बोटं मागे. फटका असा, की चेंडू खणकन आत. चेंडू टाकून झाला की समोरच्या बाईला डोळा मारत होती. "काकी, बसून घ्या, पाय दुखतील!" लोक हसत होते. सहा, सात, आठ. त्याची पोर अशी खेळताना त्याने जन्मात पाहिली नव्हती. अंगणातल्या टेबलावर तिचा पंजा वीतभर अंतरावर असायचा, कोपर बरगडीला चिकटलेलं, फटका मांजरीच्या पावलाचा. तेव्हा तो स्वतः तिच्या शेजारी उभा असायचा. "हळू. कोपर आत. हळू, पोरी." ती ऐकायची. आणि ऐकणाऱ्या त्या पोरीच्या हाताच्या मापानेच त्याने दोरा बांधला होता. ह्या हाताला त्याची काठी पुढे जड लागणार, प्रत्येक फटक्याला नाक खाली घालणार. गिऱ्हाईकाला मोजताना तो कधी एक शब्द बोलत नसे. लेकीला मोजताना मात्र त्याचं तोंड एक मिनिट बंद नव्हतं. सगळं त्याच्या ध्यानात आलं. तिचा हात जवळून बघायला तो खांबाआडून पुढे सरकला आणि एका रिकाम्या खुर्चीत बसला.

तेवढ्यात मारिदेलने मान वर केली आणि त्याला बघितलं.

ती पुन्हा वाकली. कोपर आत गेलं. पंजा वीतभरावर आला. मागचा हात सरकत सरकत बरोबर त्या दोऱ्याच्या जागेवर येऊन थांबला. सोपा चेंडू, भोकाच्या तोंडाशी असलेला, चुकला. आठ-सहा. पुढच्या डावात पुन्हा तेच. आठ-सात. आठ-आठ. समोरची बाई आता उभीच होती.

"हिला काय झालं हो एकदम?" शेजारचा माणूस हळहळला.

दुलो उठला. शेवटचा डाव होता, लेकीच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा, आणि तो बघण्यासाठी त्याचा जीव तुटत होता. तरी तो खुर्च्यांमधून, लोकांच्या पायांवर पाय देत, मुद्दाम तिच्या समोरून दरवाज्याकडे गेला. आपण जातोय हे तिला दिसायला हवं होतं.

बाहेर रणरणतं ऊन होतं. तो रिक्षांच्या रांगेपाशी गेला, परत आला, परत गेला. "काका, कुठे सोडू?" रिक्षावाल्याने विचारलं. "कुठे नाही रे बाबा, गप्प बस!" आतून मांडलेला डाव फोडल्याचा आवाज आला. मोठा, मोकळा फटका होता. त्या बाईचा की आपल्या लेकीचा, ते त्याला कळेना. मग शांतता. मग एक चेंडू, आणखी एक. त्याने मोजायला सुरुवात केली आणि पाचावर आकडा चुकला. मग हॉल दणाणला. तो दरवाज्यापर्यंत गेला आणि तिथूनच परत फिरला.

दहा मिनिटांनी ती धावत बाहेर आली. "तातांग! सगळीकडे शोधलं मी! जिंकले! नऊ-आठ!" मग हातात काय आहे ते तिच्या लक्षात आलं आणि तिने काठी पाठीमागे लपवली. "ही ना, बेनिंगकाकांची, म्हणजे आज सहज..."

"असू दे. माहीत आहे मला." त्याने तिच्या मागे हात घालून काठी पुढे घेतली. "चांगली आहे. तुझ्या हाताला चांगली आहे."

असं तो फॅक्टरीच्या काठीबद्दल बोलेल, हे तिला खरंच वाटेना. तिचे डोळे भरून आले. "मग उठून का गेलात? शेवटचा डाव तरी बघायचा होता!"

"मी बसलो असतो," दुलोने विचारलं, "तर जिंकली असतीस?"

मारिदेलने हो म्हणायला तोंड उघडलं. आठ महिने बापाशी सफाईने खोटं बोललेल्या त्या पोरीला एवढं एक "हो" काही म्हणता आलं नाही.