आपांबरोबर पाहिलेला सिनेमा

डब्लिनजवळच्या ॲडम्सटाउनला आमच्या भिंतीला भिंत लागून आपांचं घर. आपा लाहोरच्या, माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, वृद्धाश्रमात नर्स. तो उर्दू सिनेमा डब्लिनला लागणार हे कळल्यापासून त्यांना दुसरा विषय नव्हता. "बेटा, हमारे यहाँ इतनी बड़ी फ़िल्म रोज़ रोज़ नहीं बनती," म्हणायच्या. आमच्या मराठी ग्रुपवर मात्र एकाने लिहिलं, 'त्यांचे पिक्चर बघायला जाताच कसे?' नवऱ्याने फोन उलटा ठेवला आणि म्हणाला, "तू जाणार असशील तर मीही येतो."

रविवारी दुपारचा खेळ. थिएटर गच्च भरलेलं. गोष्ट साधी होती, बंदरावर दोन टोळ्या, एकीतला पहिलवान, दुसरीच्या म्होरक्याची मुलगी. पण रक्त किती! क्रेनच्या आकड्याला टांगलेली माणसं, पेटलेली जहाजं. मध्यंतरानंतर नायकाचा तळवा खिळा मारून फळीला ठोकतात. तो हात उपसून काढतो आणि त्याच हाताने नायिकेचा गाल कुरवाळतो. तिच्या गालावर लाल ओघळ. लोकांनी शिट्ट्यांनी थिएटर डोक्यावर घेतलं. मी मान वळवली. नवऱ्याने डोळ्यांवर मफलर धरला होता, आणि आपा मुसमुसून रडत होत्या.

बाहेर आलो तेव्हा लख्ख उजेड होता. गाडी लांब लावली होती. "एवढा मार खाऊन कोणी असले डायलॉग म्हणतं का?" असं नवरा आपांना चिडवत होता, तेवढ्यात भिंतीपाशी बसलेली चार-पाच तरुण पोरं उठली. एक जण ओरडला, आपल्या देशात चालते व्हा. नवऱ्याने मान खाली घातली आणि पाय उचलले. मागून ठोसा आला. फरशीवर नारळ आपटावा तसा आवाज झाला आणि तो तोंडावर पडला.

मग लाथा. पाठीत, बरगड्यांत, तोंडावर. ना संगीत, ना आरडाओरडा. फक्त बुटांचा आवाज, आणि मार बसेल तसा त्याच्या छातीतून बाहेर पडणारा श्वास. मी मराठीतच किंचाळत होते, "सोडा त्याला! मरेल तो!" एकाला मागून ओढायला गेले तर त्याने मला ढकलून दिलं. आपा मात्र सरळ नवऱ्याच्या अंगावर आडव्या पडल्या, त्याचं डोकं पोटाशी घेऊन. पुढची लाथ त्यांच्या कुशीत बसली.

तोवर थिएटरमधून माणसं धावत आली. पोरं पांगली, एक सापडला. दहा जणांनी त्याला घेरलं. मघाशी शिट्ट्या मारणारेच ते. त्यांनी त्याला गाडीच्या बॉनेटवर आपटलं, नाकातून रक्ताची धार लागली, तरी थांबेनात. मला वाटत होतं, अजून मारा. ओरडल्या त्या आपा, बरगडी धरून, "बस करो! मर जाएगा! छोड़ो उसे!" कोणी ऐकेना, तेव्हा त्या खुरडत जाऊन मध्ये उभ्या राहिल्या. मग हात थांबले.

नवऱ्याचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता. आपांची बरगडी तडकली होती. नागपूरहून सासऱ्यांचा फोन आला. "पाकिस्तानी पिक्चर बघायची गरज काय होती?"

"बाबा, ह्यांच्या डोक्यात बसणारी लाथ एका पाकिस्तानी बाईने अंगावर घेतली."

त्या बाईंना किती लागलंय ते त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "त्यांना माझा नमस्कार सांग."

पुढच्या आठवड्यात आपा आमच्याकडे बसून नेटवरची परीक्षणं वाचून दाखवत होत्या. सगळ्यांनी सिनेमाला झोडपलं होतं. मारामारी अती, प्रेमकथा कच्ची. आपा संतापल्या. "इन को क्या समझ है?" दात तारांनी बांधलेला नवरा स्ट्रॉने सूप ओढता ओढता कसंबसं पुटपुटला, "आपा, मारामारी झूठी थी. दर्द ही नहीं था." आपांना हसू आलं आणि बरगडीतून कळ गेली. सिनेमा लवकरच उतरला.

गार्डा, म्हणजे इथले पोलीस, जबाब घ्यायला आले तेव्हा आपांनी आधी पोरांनी काय केलं ते सांगितलं. मग थांबून, त्या सापडलेल्या पोराला थिएटरमधल्यांनी कसं मारलं तेही सांगितलं. मी मराठीत कुजबुजले, "आपा, कशाला?" त्यांना शब्द कळले नसतील, सूर कळला. "दोनों बातें हुई हैं, बेटा," त्या म्हणाल्या.

आपल्याच लोकांविरुद्ध त्यांनी जबाब दिल्याची गोष्ट त्यांच्या ओळखीत पसरली. जवळच्याच क्लोनडॉकिनच्या ज्या घरी त्या दर ईदला जायच्या, तिथून या वेळी बोलावणं आलं नाही. ईदच्या दिवशी नवा दुपट्टा ओढून त्या आमच्याकडे आल्या. नवऱ्याला नुकतंच चावायची परवानगी मिळाली होती. मी मऊ शेवयांची खीर केली होती. तो सावकाश, एकेक घास खात होता, आणि आपा त्याच्या जबड्याकडे नर्सच्या नजरेने बघत होत्या.