चंदरने बुजवलेल्या फटी

चंदरला फट दिसली की ती बुजवल्याशिवाय चैन पडत नाही. मुरुडच्या कोळीवाड्याच्या कडेला त्याचं आणि आमचं घर एकाच कुंपणाला लागून आहे, त्यामुळे तीस वर्षं मी हे पाहत आले. दाराखालची फट, न्हाणीतलं उंदराचं बीळ, आमच्या टाकीला गेलेली चीर, काही सांगावं लागत नाही. तो लेपाचा डबा आणि लेप लावायची-खरवडायची पत्री घेऊन येतो, काम करतो आणि चहाला न थांबता निघून जातो.

तरुणपणी तो होडीवर जात असे, पण त्याला खरा मान मिळाला तो फळ्यांमधले सांधे बुजवण्याच्या कामामुळे. कापसाची वात सांध्यात ठासायची आणि वरून राळ-तेलाचा लेप द्यायचा. त्याचा हात फिरलेल्या होडीत थेंबभर पाणी शिरत नसे. पुढे फायबरच्या होड्या आल्या, तेव्हा पन्नाशीत तो डब्यातला काळा लेप लावायला शिकला. सांधा कुठे आहे हे बोट फिरवूनही कळू नये, असं त्याचं काम. "बाई, समिंदर दार शोधत असतो," असं तो मला एकदा म्हणाला होता. "आपण ठेवायचा न्हाय, एवढाच आपला काम."

त्याची मुलगी सुचिता माझी विद्यार्थिनी. आवाज स्पष्ट, बोलणं शांत. वाशीच्या एका कंपनीत तिला काम मिळालं. रुग्णांचे फोन घ्यायचे आणि त्यांना डॉक्टरांच्या भेटीची वेळ ठरवून द्यायची. हे काम घरी बसून करता येई. त्यासाठी तिने जुना, पण चांगला लॅपटॉप घेतला होता. चंदरचे दोन मुलगे आधीच पनवेलकडे गेले होते. सुचिता घरात आहे आणि दिवसभर तिचा आवाज ऐकू येतो, या एका गोष्टीवर चंदर किती खूश होता, ते त्याने कुणाला सांगितलं नाही. फक्त तिच्या खोलीच्या दारासमोर, ओट्यावर, तो जाळी विणायला बसू लागला.

दिवाळीनंतर एका आठवड्यात तो लॅपटॉप आपोआप बंद पडायला लागला.

सूचना नाही, आवाज नाही, एकदम पडदा काळा. पलीकडे एखादी आजी आपल्या गुडघ्याबद्दल सांगत असायची आणि तिचं बोलणं अर्ध्यावर तुटायचं. सुचिताने एका वहीत वेळा लिहायला सुरुवात केली. अकरा वीस. एक पाच. दोन. दोन चाळीस. दुपार चढेल तशी मधली वेळ कमी होत होती. वरिष्ठ अमिषा मॅडमनी आधी समजून घेतलं, पण मंगळवारी सकाळी स्पष्ट सांगितलं, "शुक्रवारी पूर्ण दिवस बघते. एकदाही बंद पडला, तर सोमवारपासून वाशीला ऑफिसात यायचं. राहायची सोय बघून ठेव."

त्या दिवसापासून चंदर बसेना. जाळी हातात घेई, दोन गाठी मारी आणि उठे. दारात जाई. परत येई.

"आवो, बसा की एका जाग्याला," त्याची बायको केसर म्हणाली. ती बाजारात मासळी विकते आणि तिच्या जिभेला धार आहे. "तुमच्या फेऱ्यांनी मशीन न्हाय चालायचा. एवढा सरळ चालले असते, तर आतापत्तूर मुंबैला पोचले असते."

"वीज खाली-वर व्हते," चंदर म्हणाला. "त्यामुळं व्हतंय."

म्हणून तारांची जोडणी तपासली. वायरमनने खांबावर चढून पाहिलं, वीज ठीक होती. मग नवा चार्जर आणला. तरी दुपारी बंदच. विनेश नावाचा दुरुस्ती करणारा अलिबागला बसतो आणि दर गुरुवारी मुरुडला येतो. पहिल्या दिवसापासून तो फोनवर उपाय सांगत होता. एकदा बॅटरीवरच चालव, एकदा नको असलेले प्रोग्राम काढ, एकदा सगळं नव्याने भरून बघ. सुचिता काम संपल्यावर एकेक करून पाहत होती. केसरने मीठ-मोहऱ्या घेऊन लॅपटॉपची दृष्टही काढली. "याचा कंपनीला सांगू नको," असं मात्र तिने पोरीला बजावलं.

बुधवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे नारळ द्यायला गेले होते. सुचिता विनेशशी बोलत होती, फोन टेबलावर ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"ताई, खाली हात लाव. भाजतंय का?"

"भाजतंय रे. तव्यासारखं."

"मग वीज नाही, व्हायरस नाही, काही नाही. मशीन तापतं, आणि जळू नये म्हणून आपणच बंद होतं. आतला पंखा गरम हवा बाहेर टाकतो ना, ती कुठेतरी अडते. खालची जाळी धुळीने भरली असेल. बघ."

सुचिताने लॅपटॉप उलटा केला. खालची बाजू काळी, सपाट, गुळगुळीत. तिने मागच्या कडेवरून बोट फिरवलं. तिथेही काही नव्हतं.

"याला जाळीच नाही."

विनेश हसला. "जाळी नसलेला लॅपटॉप अजून जन्मला नाही, ताई. नाक नसलेला माणूस दाखवशील का मला?"

मी चंदरकडे पाहिलं. त्याच्या हातातली सुई थांबली होती. तो उठला, पायात चप्पल न घालता बाहेर पडला आणि होड्या ओढून ठेवतात त्या बाजूला चालत गेला. केसर म्हणाली, "आता हे कुठं निघाले?" 

अर्ध्या तासाने तो परत आला. विनेशचा फोन संपला होता. सुचिता खोलीत खालमानेने पिशवी काढून कपडे बघत होती. चंदर दारात उभा राहिला.

"सुचे," तो म्हणाला. "मीच बुजवल्यात."

"काय बुजवलंय, बाबा?"

"भोकं. खालची, मागची. तू दिवाळीत मैत्रिणीच्या साखरपुड्याला गेली व्हतीस ना अलिबागला, तवा. टीव्ही खाऱ्या वाऱ्यानं गेला आपला. मिक्सर गेला. ह्याला तर सगळीकडनं भोकं. मला वाटला, हा पण गंजल, नि मग तुझा काम..." त्याने लॅपटॉपच्या कडेकडे बोट केलं. "वायरी घालतीस ती ठेवली मोकळी. बाकीची बुजवली. होडीचा काळा लेप हाय तो."

 मला वाटलं, केसर आता त्याला सोडणार नाही. पण तिच्या तोंडून एवढंच निघालं, "मशीन म्हंजे काय होडी वाटली काय तुमाला?" आणि तेही हळूच. सुचिताने लॅपटॉप पुन्हा उलटा केला, दिव्याजवळ धरला आणि डोळे बारीक करून पाहिलं. खरोखरच सांधा दिसत नव्हता.

"मला विचारायचंत तरी," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. ते चंदरला जास्त लागलं असावं. तो तिथल्या तिथे पत्री काढू लागला, तेव्हा तिने त्याचा हात धरला. "आत पडेल. विनेश येऊ दे उद्या."

गुरुवारची सकाळ चंदरने एस.टी.च्या थांब्यावर काढली. विनेश दहाला यायचा, तो आला साडेबाराला. तोवर लॅपटॉप तीनदा बंद पडला होता. विनेशने मागचं झाकण उघडलं आणि डोक्याला हात लावला. लेप जाळीच्या प्रत्येक बारीक फटीत आतपर्यंत गेला होता. त्याने टोकदार अवजाराने एक जागा खरवडली, तशी जाळीची एक काडी मोडली.

"काका, हे माझ्याने नाही व्हायचं. झाकण नवीन मागवावं लागेल. आठवडा लागेल."

"आठवडा न्हाय," चंदर म्हणाला. "तो पंखा-बिंखा तुमच्याकडं ठेवा. नुसता झाकण माझ्याकडं द्या."

त्याने खोबरेल तेल कोमट केलं, कापसाच्या वातीने एकेका फटीला लावलं आणि थांबला. त्याच्यासारख्या माणसाला थांबणं किती जड गेलं असेल! पाय एकसारखा हलत होता. पाऊण तासाने त्याने जाड सुईने लेपाचं एक टोक उचललं आणि चिमटीत धरून हलकेच ओढलं. दोऱ्यासारखा तो बाहेर आला. होडीचे जुने सांधे नव्याने भरण्याआधी आतली कुजकी वात अशीच अखंड काढावी लागते, तुटली तर आतच राहते. असे त्याने अडतीस दोरे काढले. मी मोजले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. आणखी एकही काडी मोडली नाही. विनेश मान वाकवून बघत राहिला. शेवटी म्हणाला, "काका, दुकानात या माझ्या."

"मी आलो तर तुमची सगळी गिऱ्हाइकं बुजवून टाकीन," चंदर म्हणाला. त्या आठवड्यातलं त्याचं हे पहिलं हसणं, तेही अर्धंच.

पण पंखा इतके दिवस कोंडलेल्या हवेत फिरला होता. तो टिकेल की नाही, हे विनेशला सांगता येईना. "उद्या चालला तर चालला," एवढंच बोलून तो गेला.

शुक्रवारी सकाळी नऊला सुचिता दार लावून बसली. चंदर ओट्यावर. त्याला यंत्र दिसत नव्हतं, फक्त तिचा आवाज. "नमस्कार, बोला." "हो, गुरुवारी चार वाजता." मध्ये ती थांबली की तो ताठ व्हायचा. पलीकडचा माणूस बोलत असेल, हे त्याला कळत होतं, तरीही. अकरा वाजले. एक वाजला. केसरने ताट आणून ठेवलं, ते तसंच राहिलं. दोन चाळीस झाले, तेव्हा त्याने माझ्याकडे कुंपणावरून पाहिलं. मी मान हलवली. आवाज चालू होता.

पावणेसहाला वीज गेली. चंदर उभा राहिला. आत सुचिता कुणाला तरी पत्ता सांगत होती, "रिक्षा स्टँडच्या समोर, दुसरा मजला." बॅटरीवर काम चालू होतं.

सहाला आवाज थांबला. पुष्कळ वेळ थांबला. चंदरने कडीला हात लावला आणि मागे घेतला. मग आतून ऐकू आलं, "हो मॅडम. नाही मॅडम, एकदाही नाही. थँक्यू मॅडम."

दार उघडून ती बाहेर आली. केस विस्कटलेले, कानावर हेडफोनचा वळ.

"सोमवारी जायचं नाही," ती म्हणाली.

चंदरने मान डोलवली. तो खाली बसला आणि दुपारचं ताट ओढून घेतलं. भात गार झाला होता, कालवणावर साय आली होती. तो खाऊ लागला.

"बाबा, गरम करून देते," सुचिता म्हणाली.

"न्हाय," तो म्हणाला. "तू बस हितंच."