क्लारिसचं गाठोडं

लिओनिसाला विद्यापीठाच्या मत्स्यबीज केंद्रात लागून बारा-तेरा वर्षं झाली होती, पण विद्यापीठाच्या लेखी ती तिथं कधी लागलीच नव्हती. दर सहा महिन्यांनी तिचं कंत्राट संपायचं आणि नवं व्हायचं. या दोन पक्षांमध्ये मालक आणि नोकर असं कोणतंही नातं नाही, हे वाक्य प्रत्येक कंत्राटात न चुकता असायचं. नातं नव्हतं, पण पहाटे टाक्यांचं पाणी बदलायला तीच लागायची. वादळाचा इशारा आला की कायम नोकरीतले लोक घरी बसून पगार घ्यायचे आणि ही गुडघाभर पाणी तुडवत पंप चालू ठेवायला यायची, कारण टाकीतली हवा बंद पडली की बांगुस माशाची पिल्लं बघता बघता पोट वर करतात. पिल्लं मेली तर चूक लिओनिसाची. जगली तर शोधनिबंध प्राध्यापकांचा.

कागदावर नातं नाही म्हटल्यावर कंत्राटी लोकांनी ते दुसरीकडून जोडून घेतलं. कंत्राटांवर सही व्हायची ती प्रशासनाच्या प्रमुख मॅडम कॉन्सुएलो यांची. मग कोणाच्या घरी पाळणा हलला की तो माणूस कोंबडा नाहीतर केळीचा घड घेऊन मॅडमच्या दारात जायचा आणि म्हणायचा, "आमच्या लेकराच्या निनांग व्हा." निनांग म्हणजे बाप्तिस्म्याला मूल हातावर घेणारी धर्ममाता. हा मान कोणी नाकारत नाही. नाकारला तर लेकराला अपशकुन. मॅडमची स्वतःची दोन्ही मुलं कॅनडात, घर मोठं आणि रिकामं, त्यामुळे त्यांनाही हौस होती. सफाईवाले, पहारेकरी, वसतिगृहाच्या स्वयंपाकिणी, सगळ्यांच्या घरात मॅडमचं एक तरी लेकरू होतं. लोकांना वाटलं, आपण मॅडमना बांधून घेतलं. दोरीला दोन टोकं असतात हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

लिओनिसाच्या पोरीच्या, क्लारिसच्या निनांगही त्याच. आणि खरं सांगायचं तर त्यांनी ते नातं नुसतं मिरवलं नव्हतं. क्लारिसला डेंग्यू झाला तेव्हा बाप मनिलात दुसरं घर मांडून बसला होता; दवाखान्यात लिओनिसाच्या शेजारी रात्रभर बसल्या त्या मॅडम. अशा बाईविरुद्ध तोंड उघडायचं कसं?

पण नोव्हेंबरात तोंड उघडायची वेळ आली. सरकारकडून येणारा पैसा घटला म्हणून एक जानेवारीपासून निम्म्या कंत्राटी लोकांना नारळ मिळणार, आणि उरलेले एका ठेकेदाराच्या हाताखाली कमी मजुरीवर जाणार, अशी बातमी आली. बैठका पंपाच्या खोलीत व्हायला लागल्या. तिथं पंपांची घरघर इतकी असते की बाहेर काही ऐकू जात नाही. आतही जात नाही, ही गोष्ट वेगळी.

"गुप्त बैठक म्हणे!" वसतिगृहाची स्वयंपाकीण जोवेलिन ओरडली. "घसा बसला माझा कुजबुज करून!"

"सोमवारी झेंडावंदन आहे," लिओनिसाही ओरडून म्हणाली. "आपल्याला दर वेळी मागच्या रांगेत उभं करतात. या सोमवारी पांढरं फडकं हाताला बांधून पुढं जाऊन उभं राहायचं. घोषणा नाही, काही नाही. कुलगुरूंना दिसू दे आपण किती आहोत ते."

"मी पहिला," म्हातारा पहारेकरी पाब्लिंग छाती पुढं काढून म्हणाला. "आता भिऊन काय करायचं? दात तर आधीच पडलेत."

सगळे हसले. सगळ्यांनी शब्द दिला.

सोमवारी राष्ट्रगीत सुरू व्हायच्या आधी लिओनिसा पुढं निघाली. मागं पावलं ऐकू येतील म्हणून तिनं कान टवकारले होते. वळून पाहिलं तर सातजण. बाकीच्यांची फडकी खिशात होती आणि नजरा जमिनीवर. कुलगुरूंच्या शेजारी मॅडम कॉन्सुएलो उभ्या होत्या आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. रागानं नव्हे, घरचं माणूस दुखावतं तसं. पाब्लिंग तर फाटकामागं जाऊन लपला होता.

"माझ्या तिन्ही नातवंडांची निनांग आहे गं ती, इंदाय, पोरी," नंतर तो लिओनिसाला म्हणाला. त्याला मान वर करवत नव्हती. "तिच्यासमोर फडकं बांधून उभा राहिलो तर लोक शेण घालतील तोंडात."

लिओनिसा त्याला काहीबाही बोलली. बोलायला नको होतं, पण बोलली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तिला बोलावून घेतलं. खोलीचं दार लावलं, स्वतःच्या हातानं कॉफी ओतली.

"बस, कुमारे." आई आणि निनांग एकमेकींना कुमारे म्हणतात, कचेरीत मात्र मॅडम ही हाक मारत नसत. लिओनिसा खुर्चीच्या कडेवर टेकली.

"तुला काय वाटलं, मी तुला सोडीन?" मॅडम म्हणाल्या. "तुझं कंत्राट राहणार. ठेकेदाराकडे नाही, थेट विद्यापीठाचं. तेवढं मी करून घेतलंय."

"आणि जोवेलिन? माझ्याबरोबर उभे राहिले ते?"

"सगळ्यांना माझ्या पदराखाली कुठं घेऊ? वरून आकडा आलाय." मॅडमनी कप सरकवला. "हे फडक्याचं खूळ सोड. आत्ता काही बोलू नकोस. नाताळला क्लारिसला घेऊन ये नेहमीसारखी. आलीस की मी समजेन."

लिओनिसा बाहेर आली तेव्हा कॉफी तशीच होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. नाताळच्या सकाळी प्रार्थना आटोपली की सगळी धर्मलेकरं मॅडमच्या फाटकापाशी रांग लावत, त्यांचा हात कपाळाला लावत, आणि कोऱ्या नोटेचं पाकीट घेऊन घरी जात. यंदा गेली, तर सगळ्या गावासमोर विकली गेली. नाही गेली, तर काम गेलंच, वर निनांगला लाथाडणारी कृतघ्न बाई म्हणून पोरीलाही डाग. त्यानंतरचे दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. टाकीत खाद्य दोनदा टाकायची, मग आठवून स्वतःवरच चिडायची. जोवेलिन दोन दिवस बोलली नाही. मॅडमच्या कॉफीची बातमी तिच्यापर्यंत पोचलीच होती.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी क्लारिसचा सणाचा फ्रॉक काढताना पेटीच्या तळाशी एक मेणबत्ती हाताला लागली. बाप्तिस्म्याची. हीच पेटवून मॅडमनी चर्चमध्ये पाद्रीबाबांसमोर लेकराला सांभाळायचा शब्द दिला होता. आणि बाहेर पायरीवर तोंड भरून हसत म्हणाल्या होत्या, "तुला जमलं नाही तर मी आहे हो हिला."

लिओनिसानं मेणबत्ती पुसून बाजूला ठेवली. मग उठली आणि जोवेलिनच्या घरी गेली.

ऐकून जोवेलिनचा भात ढवळणारा हात थांबला. "डोकं फिरलंय तुझं, मानांग, ताई! नाताळच्या दिवशी पोरं नेऊन सोडायची?"

"सोडायची कशी? ज्यांची आहेत त्यांना द्यायची. आपण एक शब्द वाकडा बोलायचा नाही. हात कपाळाला लावायचा, पाया पडायचं, आणि म्हणायचं की आता बघा तुमचं लेकरू."

"आणि तिनं खरंच ठेवून घेतली तर?"

"सगळ्यांना सांग," लिओनिसा दाराकडे वळत म्हणाली. "कोण येईल ते येईल."

क्लारिसला मात्र तिनं हे नाटक आहे असं सांगितलं नाही. पोरगी दहा वर्षांची, निनांगसमोर तिला खोटं बोलता आलं नसतं. एका चादरीत दोन फ्रॉक, गणवेश, टूथब्रश असं गाठोडं बांधताना पोरगी नुसती बघत होती.

"मी किती दिवस राहायचं?" तिनं विचारलं.

"बघू," आई म्हणाली, आणि तिला स्वतःचीच शरम वाटली.

सकाळी फाटकापाशी दरवर्षीसारखी रांग होती. पन्नासेक पोरं, तेल लावून चापून बसवलेले केस, नवे-जुने बूट. पण लिओनिसानं मोठ्यांच्या हातांकडे बघितलं आणि तिचा धीर खचला. कोणाच्याच हातात गाठोडं नव्हतं. पाब्लिंग तिन्ही नातवंडांना घेऊन पुढंच उभा होता. तिला बघून त्यानं टोपी नाकापर्यंत ओढली. जोवेलिन कडेवर लेकरू घेऊन आली होती, काखेत फडक्यात काहीतरी होतं, पण ती लांब भिंतीशी थांबली होती. परत फिरावं असं लिओनिसाला वाटलं. तेवढ्यात व्हरांड्यातून मॅडमनी पाहिलं आणि त्यांचं तोंड उजळलं.

"आलीस, कुमारे! सरका रे, तिला पुढं येऊ द्या."

रांग दुभंगली. सगळ्यांना कळलं की हिचं जमलं. कोणीतरी मागं थुंकलंही.

क्लारिसनं निनांगचा हात कपाळाला लावला. मॅडमनी पाकीट पुढं केलं. लिओनिसानं ते हळूच परत सारलं आणि मेणबत्ती पेटवून त्यांच्या हातात दिली.

"मॅडम, तुमचं माझ्यावर ऋण आहे, ते मी मरेपर्यंत मानीन," ती म्हणाली. आवाज मागपर्यंत जात होता. "पण एकटीची भाकरी मला गिळायची नाही. माझं कंत्राट इतरांबरोबर जाऊ दे. जानेवारीपासून मला पोरीला पोसता यायचं नाही. आईला जमलं नाही तर मी आहे, असं तुम्ही म्हणाला होतात. ही तुमची पोर."

आणि तिनं गाठोडं पायरीवर ठेवलं.

मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यात जीव उरला नाही. "माझ्या दारात, सणाच्या दिवशी लाजवतेस मला?"

"लाजच तेवढी उरली होती आमच्याकडे, मॅडम. तीच घेऊन आले."

मेणबत्तीचं मेण मॅडमच्या बोटांवर ओघळलं, तरी त्यांनी हात मागे घेतला नाही. मग पाब्लिंग खाकरला. त्याच्याकडे गाठोडं नव्हतं. त्यानं वाकून धाकट्या नातवाचे बूट काढले, पायरीवर जोडीनं ठेवले आणि त्याला उचलून व्हरांड्यात उभं केलं.

"हा रात्री अंथरूण ओलं करतो," तो म्हातारा म्हणाला, "तेवढं सांभाळा."

मग मधला नातू, मग मोठी. जोवेलिन भिंतीपासून सुटली ती तरातरा पुढं आली. तिच्यामागून सफाईवाले, बाग बघणारे, एकेकजण. पाकीट कोणी घेतलं नाही. पाया पडल्याशिवाय कोणी मागं फिरलं नाही.

मॅडमनी मेणबत्ती कठड्यावर ठेवली आणि वाकून क्लारिसचं गाठोडं उचललं. "जेवलीस का गं?" पोरीनं मान हलवली, नाही म्हणून. "चल आत. चला सगळे." त्यांनी पोरं आत घेतली आणि फाटक लावून घेतलं.

असं खरंच होईल हे कोणी धरलंच नव्हतं. रिकाम्या हातांनी सगळे रस्त्यात उभे. लिओनिसाला वाटलं धावत जावं, फाटक हलवावं, पोर ओढून आणावी. जोवेलिननं तिचा दंड घट्ट धरला होता आणि स्वतः रडत होती. दुपार टळेस्तोवर आतून भांड्यांचे आवाज येत होते, पोरांचे आवाज येत होते, मग तेही कमी झाले.

उन्हं उतरता फाटक उघडलं. मॅडम कॉन्सुएलो चर्चच्या पोशाखात बाहेर आल्या, त्यांच्यामागं दोघादोघांच्या जोडीनं पन्नास पोरं. रस्त्यावरच्या आयांकडे त्यांनी बघितलंही नाही. सरळ कुलगुरूंच्या बंगल्याकडे चालू लागल्या. तिथं पाहुणे जेवायला बसले होते म्हणतात. आत काय बोलणं झालं ते पोरांना नीट सांगता आलं नाही. एवढंच कळलं की मॅडम म्हणाल्या, "ही माझी मुलं. यांच्या आईबापांना काढायचं, तर आधी मला काढा."

जानेवारीत सगळ्यांची कंत्राटं झाली. ठेकेदार आला नाही. पाब्लिंगचंसुद्धा झालं, बिनदातांचं. लोकांनी पंपाच्या खोलीत भात शिजवला, मासे भाजले, आणि जोवेलिननं ओरडून ओरडून पुन्हा घसा बसवून घेतला.

त्या दिवशी लिओनिसा घरी आली तेव्हा गाठोडं दाराशीच होतं. नाताळच्या संध्याकाळी पोरीनं परत आणून ठेवलं होतं तसं, गाठ न सोडता. रोजचे कपडे पोरगी दोरीवरून घ्यायची, गाठोड्याला हात लावायची नाही.

"सोड आता ते," लिओनिसा हसत म्हणाली. "झालं माझं कंत्राट. कुठं जायचं नाही तुला."

क्लारिसनं कागद हातात घेतला आणि खालची तारीख वाचली.

"जूनपर्यंतच आहे," ती म्हणाली. "राहू दे, आई. तेव्हा पुन्हा लागेल."