संस्कृतीची पाठ केलेली उत्तरं

सणसरच्या सिंधुबाई कुणाच्या बापाला भीत नसत. ऊसतोड लांबली की थेट कारखान्यात जाऊन साहेबाला खडसावत. आज मात्र बारामतीत मानसतज्ज्ञ मॅडमच्या दाराबाहेर त्या नुसत्या येरझारा घालत होत्या. सहा वर्षांची संस्कृती आत होती. सहा महिने त्यांच्या घरी राहिलेली, पण अजून त्यांना मावशीच म्हणणारी. मॅडमच्या अहवालावर तिचं दत्तकविधान ठरणार होतं.

आठवडाभर सिंधुबाईंनी तिच्याकडून उत्तरं घोकून घेतली होती. कुणी मारतं का? न्हाय. हितं आवडतं का? व्हय.

दार उघडलं. मॅडमचा चेहरा गंभीर होता.

"उत्तरं कुणी पाठ करून घेतली?"

"मीच!" सिंधुबाई उसळल्या. "परीक्षा म्हटल्यावर अभ्यास नको व्हय? नापास झाली तर न्ह्याल तुमी तिला!"

"उत्तरं पाठ वाटली म्हणून मी तिला घराचं चित्र काढायला सांगितलं. तर ती रडायलाच लागली. म्हणाली, हे आईनं शिकवलं न्हाय, पर तिला नापास करू नका."

सिंधुबाई तशाच आत संस्कृतीकडे धावल्या. आई म्हणायचं मात्र त्यांनी तिला शिकवलंच नव्हतं.