शालनच्या गळ्यातली भागीरथी

शालनला मी पहिल्यांदा पाहिलं ते उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या एका साडीच्या दुकानात. दिवाळी जवळ आली होती आणि दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. ती एका कोपऱ्यात गादीच्या कडेला बसली होती. तेवीस-चोवीस वर्षांची, सावळी, अंगाने बारीक. तिने विटकरी रंगाची साडी पसंत केली, पदराची घडी मोडली आणि पदराचं टोक गळ्याशी नेऊन तिथे लटकणाऱ्या चांदीच्या एका छोट्या पत्र्याला टेकवलं. डोळे मिटले, उघडले. मगच तिने तो पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून आरशात पाहिलं.

दुकानदार सिंधी होता आणि गिऱ्हाइकांची थट्टा केल्याशिवाय त्याचा धंदा होत नसे. तो म्हणाला, "भाभी, साडी तुमको पहननी है या लॉकेट को?"

बायका हसल्या. ती हसली नाही आणि रागावलीही नाही. "आधी तिला, मग मला," एवढंच म्हणून तिने साडी बांधायला सांगितली.

ही 'ती' कोण, हे मला पुढे उन्हाळ्यात कळलं. विठ्ठलवाडीला आमच्या मागच्या चाळीत नवीन बिऱ्हाड आलं, आणि नळावर हंडा लावून उभी असलेली बाई तीच निघाली. गळ्यातला पत्राही तोच होता. जवळून पाहिलं तर त्यावर बाईची आकृती ठोकलेली होती; दोन ठिपक्यांचे डोळे, एक रेघ ओठांची.

तिचे यजमान हिंदुराव मूळचे साताऱ्याकडचे. उल्हासनगरच्या एका थिएटरात ते ऑपरेटर होते, म्हणजे वरच्या केबिनमध्ये बसून सिनेमा चालवत. त्यांची पहिली बायको भागीरथी लग्नानंतर दोन-अडीच वर्षांतच तापाने गेली. मूलबाळ नव्हतं. मग त्यांच्या आईने, गोजरबाईंनी, नात्यातली शालन दुसरेपणावर करून आणली. त्यांच्याकडे रीत अशी की दुसरी बायको पहिलीचा टाक, म्हणजे तो चांदीचा पत्रा, गळ्यात घालते. कपाळाला कुंकू लावायचं ते आधी टाकाला. सणाचा पहिला घास टाकाला दाखवायचा. नवं लुगडं पहिल्यांदा तिच्या अंगाला लागलं पाहिजे. नाहीतर गेलेली रागावते आणि नव्या संसाराला दृष्ट लागते.

"ती थोरली हाय," गोजरबाई मला म्हणाल्या होत्या. "धाकटीनं मागंच चालायचं."

शालन मागे चालत होती. तिला ताप आला की गोजरबाई विचारत, काल काय तिला दाखवायचं राहिलं? दूध नासलं तरी तेच. शालन खरोखर आठवायला बसे. मी एकदा म्हणाले की ताप मच्छरांनी येतो, टाकाने नाही. ती म्हणाली, "माहीत आहे बाई. पण त्यांना बरं वाटतं विचारलं की."

हिंदुराव माणूस शांत. आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. अंगाला फिल्म चिकटवायच्या सिमेंटचा उग्र वास असायचा. थिएटरातून येताना ते गजरे आणत. एक भिंतीवरच्या फोटोला, एक शालनला. फोटोचा गजरा ते स्वतः बांधत. शालनचा तिच्या हातात देत. यात वाईट काहीच नव्हतं, म्हणून तिला कोणाकडे तक्रार करायलाही जागा नव्हती.

मग शालनला दिवस गेले. चाळीत आनंद झाला. पण गोजरबाईंचा आनंद निराळा होता. त्यांनी शालनच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "भागीरथी येतीया परत. तिची हौस ऱ्हायली हुती संसाराची." त्या दिवसापासून मुलीचं नावसुद्धा ठरून गेलं. भागीरथी. मुलगा झाला तर काय, हा प्रश्नच कोणी काढला नाही. हिंदुरावांनाही ते पटलं होतं. ते संध्याकाळी बायकोच्या पोटाकडे अशा नजरेने पाहत की पाहणाऱ्याला गलबलून यावं. आपल्याकडे ते कधी तसं पाहत नव्हते, हे शालनला कळत होतं.

एका दुपारी ती माझ्याकडे तांदूळ निवडायला बसली होती. मी सहज विचारलं, मुलगा हवा की मुलगी. ती बराच वेळ ताटातले खडे बाजूला करत राहिली.

"मुलगी हवी, बाई. पण मुलगी झाली तर ती माझी नाही व्हायची. मी नुसती आणून देणार."

त्याच सुमारास हिंदुरावांच्या थिएटरला 'झोपाळ्याचा पिक्चर' लागला. त्याचं खरं नाव आमच्याकडे कोणी घेत नसे. एका इंग्रजी सिनेमावरून तो हिंदीत काढला होता. गोष्ट अशी की नायिका अपघातात मरते, पण नवऱ्यावरच्या प्रेमापोटी बंगल्यातच राहते. ती दिसत नाही. ती आली की दिवाणखान्यातला झोपाळा आपोआप हलतो, आणि नवरा त्या झोपाळ्याशी बोलत बसतो. मूळ इंग्रजीत म्हणे डुलणारी खुर्ची होती; आपल्या लोकांनी झोपाळा केला आणि सहा गाणी घातली. बायका रुमाल घेऊन जात आणि ओले करून परत येत. बऱ्याच आठवड्यांनी गर्दी ओसरली तरी सिनेमा उतरला नाही.

मीही पाहिला. शेवटी तो झोपलेला असतो, झोपाळा हलत हलत त्याच्या जवळ येतो, आणि पडद्यावर 'समाप्त' येतं. मी शिकवत असे त्या शाळेत एका शिक्षकांच्या भाच्याने इंग्रजी सिनेमा व्हिडिओवर पाहिला होता. तो सांगे की त्यात ती शेवटी निघून जाते. मधल्या सुट्टीत यावर चर्चा झाली. आपल्याकडे सात जन्मांची गाठ, आपला प्रेक्षक बायकोला जाऊ देणार नाही, म्हणून हिंदीत शेवट बदलला असणार, असं सगळ्यांचं मत पडलं. मलाही ते अगदी बरोबर वाटलं होतं.

सातव्या महिन्यात शालन डोहाळजेवणाला बहिणीकडे अंबरनाथला गेली. बहिणीचं नाव तुळशी, बोलायला फटकळ. तिथल्या थिएटरातही तोच सिनेमा लागला होता. पोटुशीने भुताचा सिनेमा पाहू नये म्हणून गोजरबाईंनी आजवर तिला जाऊ दिलं नव्हतं. तुळशीने तिला सरळ रिक्षात घातलं. चाळीतल्या बायकांकडून शालनने गोष्ट इतक्यांदा ऐकली होती की पुढे काय येणार ते तिला पाठ होतं. झोपाळा झोपलेल्या नवऱ्याजवळ आला तेव्हा ती उठायला लागली. पण सिनेमा संपला नाही.

पुढे आणखी दहा-बारा मिनिटं होती. नवरा दिवसेंदिवस खंगत जातो. खात नाही, बाहेर पडत नाही. ते पाहून ती बायको एका पहाटे पहिल्यांदा आणि शेवटची दिसते, स्वतःच्या हाताने झोपाळा थांबवते आणि दार उघडून निघून जाते.

"आमच्याकडे एवढा नाही दाखवत," शालन बहिणीला म्हणाली.

तुळशी म्हणाली, "अगं, दाखवणारा तुझाच दादला ना? त्यालाच विचार, उरलेला कुठं ठेवलाय."

तुळशीने ते चेष्टेत म्हटलं. शालनला मात्र सगळं कळलं.

दुसऱ्या दिवशी ती परत आली ती थेट माझ्या दारात. शनिवार होता, माझी शाळा सकाळची. ती म्हणाली, "बाई, माझ्यासोबत थिएटरात चला. दुपारच्या खेळाला. खाली नाही, वर केबिनमध्ये." कशाला, ते तिने वाटेत सांगितलं.

केबिनला बाहेरून लोखंडी जिना होता. ती एक हात कठड्याला आणि एक पोटाला लावून चढली. मी मागून. आत भट्टीसारखं गरम होतं. दोन मोठी मशीनं, भिंतीला दोन चौकोनी झरोके, खाली डब्यांची चवड. सिनेमा अर्ध्यावर आला होता. आम्हाला पाहून हिंदुराव उठले, तिला स्टूल दिलं आणि घाबरून विचारलं की दुखायला लागलं का.

"नाही. आज शेवटचा डबा लावा," शालन म्हणाली.

त्यांनी एका मशीनच्या काळ्या काचेतून आत पाहिलं, उजेडासाठी आत जळणारा कार्बन पुढे सरकवला. मग म्हणाले, "तुला कुणी सांगितलं?"

"अंबरनाथला बघितला."

नंतर कळलं ते इथेच सांगते. पहिल्या दिवशी त्यांनी तो डबा लावला होता. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याच्याने तो लाववेना. त्यांनी त्यातली 'समाप्त'ची पट्टी कापून अलीकडच्या रिळाला चिकटवली होती. ऑपरेटर लोक खेळ आटोपता घ्यायला असं इकडेतिकडे कापतात. शो लवकर सुटला की पुढची गर्दी आवरते, म्हणून मॅनेजरही विचारत नसे. शेवटचा डबा त्या चवडीत तळाला पडून होता.

"ती जाते त्यात," हिंदुराव म्हणाले.

"म्हणून तर म्हणते."

खाली गाणं चालू होतं. हिंदुरावांची पाठ आमच्याकडे होती. शालन स्टुलावर बसून बोलत होती, आवाज न वाढवता, घरात बोलावं तशी.

"तुम्ही तिला माझ्या गळ्यात घातलंत, मी घेतली. तिला आधी जेवू घालते, आधी नेसवते, त्याचं मला काही नाही. पण हिच्यात घालू नका तिला." तिने पोटावर हात ठेवला. "ही अजून जन्मली नाही, तर तुम्ही हिला मेलेल्या माणसाचं नाव देऊन बसलात. आणि रोज तीन खेळांना अडवून धरता तिला. तिलाही दमायला होत असेल हो."

मी झरोक्यातून पडद्याकडे पाहत राहिले. नवरा-बायकोच्या बोलण्यात तिसऱ्या माणसाने पाहायला तेवढीच एक जागा होती.

हिंदुराव खाली बसले. चवडीतून तळाचा डबा काढला. अलीकडचं रीळ टेबलावर उलगडून त्याच्या टोकाची 'समाप्त'ची पट्टी ब्लेडने सोडवली, शेवटच्या रिळाला सिमेंट लावून दाबून धरली. हाताला कामाची सवय होती. मात्र पट्टी चिकटल्यावरही त्यांनी ती बराच वेळ दाबून ठेवली.

झोपाळा झोपलेल्या नवऱ्याजवळ आला. खाली काही लोक उठले. हा सिनेमा चार-चारदा पाहिलेली ती माणसं होती. पुढे पडदा चालूच राहिला तेव्हा ती उभ्याउभ्या थबकली. कोणीतरी ओरडलं, "अबे, पिक्चर बढ गया." शिट्टी वाजली. मग हळूहळू थिएटर शांत झालं आणि उठलेली माणसं पुन्हा बसली.

एका झरोक्याशी शालन होती, दुसऱ्याशी हिंदुराव. पडद्यावरच्या बाईने झोपाळा धरला. तो थांबला. तिने दार उघडलं. हिंदुरावांनी नजर वळवली नाही. 'समाप्त' आलं, रीळ संपून त्याचं शेपूट मशीनवर फटफट वाजू लागलं तरी ते तिथेच उभे होते. शेवटी शालन म्हणाली, "अहो, बंद करा ते." तेव्हा त्यांनी बंद केलं.

हिंदुरावांनी होकार दिला नव्हता. नाव बदलू असं म्हणाले नव्हते. कंपनीने नवा शेवट पाठवलाय अशी बातमी मात्र दोन दिवसांत कॅम्प पाचपर्यंत पोचली, आणि पुन्हा थोडी गर्दी झाली.

शालनला मुलगीच झाली. बारशाला गावाहून हिंदुरावांची बहीण सुंदराबाई आली. नाव सांगायचा मान आत्याचा. तिला गोजरबाईंनी पक्कं पढवून ठेवलं होतं. पाळणा म्हणून झाला, बायकांनी हात पाळण्याला लावले, सुंदराबाई बाळाच्या कानाशी वाकली. शालन भिंतीला टेकून बसली होती. तिने डोळे मिटले, दुकानात मिटले होते तसे.

पुरुषमाणसं बाहेरच्या खोलीत होती. हिंदुराव दारात आले आणि म्हणाले, "ताई, थांब. वृंदा म्हण."

सुंदराबाई तशीच वाकलेली राहिली. तिने आईकडे पाहिलं. गोजरबाईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "आरं, एवढ्या लांबून आली ती परत. तिला दारातनं घालवतुस व्हय?"

"ती गेली, आई," हिंदुराव म्हणाले. "मी बघितलं जाताना."

कोणाला काही कळलं नाही. मला आणि शालनला कळलं. सुंदराबाईने बाळाच्या कानात कुर्र केलं आणि वृंदा हे नाव सांगितलं. बायकांनी तिच्या पाठीवर बुक्के मारले, रीतीप्रमाणे, जरा बेतानेच.

टाकाचं पुढच्या दसऱ्याला झालं. गोजरबाईंनीच तो शालनच्या गळ्यातून काढला आणि देव्हाऱ्यात बाकीच्या टाकांशेजारी ठेवला. नात रांगायला लागली होती आणि सारखी तो तोंडात घालायला ओढत होती, हे त्यांनी दिलेलं कारण. मीही ते कारण म्हणूनच ऐकून घेतलं. गजरे त्यानंतरही दोन येत. शालनचा ते स्वतः माळत की हातात देत, ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

ते थिएटर पुढे बंद पडलं. हिंदुरावांनी काही वर्षं अंबरनाथला एका कारखान्यात राखणदारी केली. गोजरबाई गेल्या, नंतर हिंदुरावही गेले. हिंदुरावांचा टाक शालनने करून घेतला आणि देव्हाऱ्यात भागीरथीच्या शेजारी ठेवला. मी तिला विचारलं, तुला चालेल ना. ती म्हणाली, "मी आहे की इथं वृंदाजवळ. तिला कोण आहे तिकडे?"

शालन आता बदलापूर गावात वृंदाच्या घरी राहते आणि साड्यांना फॉल लावून देते.